मृदंगम घ्यायचाय आणि तुम्ही मेलबर्नला आहात

वाईला आमच्या आळीतल्या भजनात मी दहाव्या वर्षापासून मृदंग वाजवला. मृदंग म्हणजे पखवाज. टाळ-मृदंग म्हटलं की आपल्याला पखवाजच दिसतो, वेगळं सांगावं लागत नाही. परदेशात बसून दक्षिणेच्या कर्नाटक संगीतातला मृदंगम विकत घेताना मला पहिला फटका बसला तो याच सवयीचा.

मेलबर्नला येऊन बरीच वर्षं झाल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी, मी केरळातल्या पालक्काडकडच्या एका सरांकडे मृदंगम शिकायला लागलो. पहिले चार महिने त्यांच्याच घरी, त्यांच्याच वाद्यावर. मग ते म्हणाले, आता घरी हात ठेवायला स्वतःचा घ्या. मी त्याच रात्री फोनवर 'मृदंग' असं टाकलं, झकास फोटो बघितला आणि पैसे भरून झोपलो. विकणारा दक्षिणेतला नव्हता, हे पत्त्यावरून कळत होतं; मी पत्ता वाचला नाही.

पार्सल ऑस्ट्रेलियात पोचलं आणि तपासणीत अडकलं. पत्र आलं, सोबत दोन फोटो. एकात लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. दुसऱ्यात अख्खं वाद्य, आणि वादीखाली, म्हणजे पुड्या ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीखाली, ओळीने लाकडी गट्टे. मृदंगमला असे गट्टे नसतात. म्हणजे जे अडकलं होतं तो मृदंगम नव्हताच. पुढे तीन पर्याय होते: स्वतःच्या खर्चाने कीड मारण्याची प्रक्रिया करून घ्या, परत पाठवा, नाहीतर नष्ट करू द्या. प्रक्रियेचा खर्च वाद्याच्या किमतीच्या वर जात होता. मी तिसऱ्यावर खूण केली. बायकोने विचारलं, "निदान बघायला तरी मिळाला का?" फोटोत मिळाला.

म्हणून पहिलं काम शब्दाचं. विचारताना, लिहिताना, शोधताना 'मृदंगम' म्हणा, शेवटच्या म सकट. महाराष्ट्रात आणि उत्तरेत नुसता मृदंग म्हणजे बहुतेक वेळा पखवाज, बंगालकडे तोच शब्द 'खोल' नावाच्या मातीच्या वाद्याला लावतात. विकणारा फसवतो असं नाही, तुम्ही मागितलं तेच देतो.

आता खरी गोष्ट. मृदंगम घेताना सगळे लाकूड बघतात, चमक बघतात, किंमत बघतात. मी आज कुणाला सांगायचं तर आधी एकच विचारतो: पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, गेली की कोण बसवणार? फणसाचं चांगलं खोड आजोबांकडून नातवाकडे जातं. चामडं तसं टिकत नाही. रोज वाजवलात तर शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या चकतीला, तडे जातात, कडेचे टवके उडतात, पुडी एखाद्या उन्हाळ्यात फाटतेसुद्धा. चेन्नईत राहणारा माणूस रिक्षात मृदंगम टाकून कारागिराकडे जातो आणि दोन-चार दिवसांनी घेऊन येतो. मेलबर्नमध्ये आपण काय करणार? हा प्रश्न खरेदीच्या आधी सुटला पाहिजे, कारण कुठला मृदंगम घ्यायचा हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

इथे थोडी शब्दांची ओळख करून घेऊ. कारागिराशी बोलताना हेच लागतात. उजवी, शाईची बाजू म्हणजे वलंतलै. डावी, घुमाऱ्याची बाजू तोप्पि. शाईला सोरु म्हणतात, करणै असंही म्हणतात. सोरु म्हणजे तमिळमध्ये साधा भात, आणि त्यात खरंच भात असतो. गजऱ्यासकट, म्हणजे कडेच्या चामड्याच्या वेणीसकट, विणून तयार झालेली पुडी म्हणजे मूट्टु. वादीला वार. स्वराला कट्टै. एवढे सहा-सात शब्द आले की चेन्नईतला माणूस तुम्हाला गिऱ्हाईक न समजता शिकणारा समजतो, आणि मग बोलणं वेगळं होतं.

मृदंगम दोन तऱ्हेने बांधतात. जुनी तऱ्हा म्हशीच्या चामड्याच्या वादीची: दोन्ही पुड्या एकाच लांब वादीने ओढून धरलेल्या. मैफलीतले बहुतेक वादक हीच वापरतात, आणि तिचा आवाज मलाही जास्त आवडतो. पण वादी ओढणं हे अंगमेहनतीचं, शिकून यायचं काम आहे. एक पुडी बदलायची तरी सगळी वादी सैल करून पुन्हा ताणावी लागते. दुसरी तऱ्हा नट-बोल्टची. दोन्ही तोंडांवर लोखंडी कडी, मधे सळया, एका पान्याने सगळं खोला आणि कसा. पुडी फाटली तर नवा मूट्टु स्वयंपाकघरातल्या टेबलावर, व्हिडिओ बघत, अर्ध्या दिवसात बसतो. मी बसवलाय. वजन थोडं वाढतं, आणि आमचे सर त्याला 'प्रेशर कुकर' म्हणतात. म्हणू देत. तुमच्या शहरात वादी ओढणारं कुणी नसेल तर पहिला मृदंगम नट-बोल्टचाच घ्या. वादीचा दुसरा घ्या, शिकून चार-पाच वर्षं झाल्यावर, दर वर्षी-दोन वर्षांनी चेन्नईला जाणं होत असेल तर.

तिसरा एक पर्याय आहे: फायबरग्लासचं खोड. उमयाळपुरम शिवरामन यांच्यासारख्या दिग्गजाने ते वापरात आणलं, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. बंगळूरकडे तर चामडंही नसलेले, कृत्रिम पडद्याचे मृदंगम बनतात. ज्या देशात लाकूड आणि कातडं दोन्हीवर विमानतळावर डोळे असतात तिथे हे सोयीचं आहे. मी दोन-तीन वेळा वाजवून पाहिला. हाताला परका वाटला, पण माझा हात भजनात घडलेला. तुमच्या मुलाला तसं वाटेलच असं नाही.

आता स्वराबद्दल. इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात, मीही चुकता चुकता वाचलो. पखवाज किंवा तबला घेताना आपण हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून काळी एक, काळी चार असं सांगतो. कर्नाटक संगीतात मोजणी वेगळी. एक कट्टै म्हणजे आपली पांढरी एक, दीड म्हणजे काळी एक, अडीच म्हणजे काळी दोन, साडेचार म्हणजे काळी तीन, पाच म्हणजे पांढरी पाच, साडेपाच म्हणजे काळी चार, साडेसहा म्हणजे काळी पाच. मी सवयीने चेन्नईला निरोप धाडला होता, 'काळी एक'. तिकडून उत्तर आलं, 'एक कट्टै ना?' नाही हो, दीड. आणि मग सरांनी तो निरोपच परत घ्यायला लावला. त्यांच्या वर्गात मी ज्यांच्याबरोबर वाजवणार होतो त्या दोन्ही गायिका साडेपाचला गातात.

नियम ढोबळ असा: पुरुष गायक साधारण एक ते दोन कट्टैमधे, बायका पाच-साडेपाचच्या आसपास. खालच्या स्वराला लांब खोड, साधारण २४ इंच. वरच्या स्वराला आखूड, साधारण २२ इंच. एका वाद्यावर दोन्ही होत नाही. ठोकून किंवा पाना फिरवून अर्धा कट्टै इकडेतिकडे, त्यापलीकडे पुडीचा जीव जातो. त्यामुळे 'सगळ्या स्वरांना चालेल' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. आपल्या गुरूंना विचारा, कुणाबरोबर वाजवणार ते ठरवा, आणि ऑर्डर देताना कट्टै आणि इंच दोन्ही सांगा.

स्वराचं एवढं कौतुक कशाला, ढोलच तो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याला नेमका स्वर नसतो. मधोमध शाईचा भार दिला की ते मूळ स्वराच्या पटीत येतात. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं. तबल्या-पखवाजाचंही हेच. म्हणजे वाद्याचा प्राण त्या काळ्या चकतीत आहे, आणि ती हाताने लावलेली असते.

ती लावताना मी पाहिली. पहिलं पार्सल बुडाल्यावर पुढच्या वर्षी पुण्याला जाताना सिंगापूरमार्गे चेन्नईला तीन दिवस थांबलो. सरांनी मैलापूरचा एक पत्ता दिला होता. कपालीश्वराच्या देवळाच्या बाजूच्या गल्ल्यांत फिरत दुकान सापडलं. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. भिंतीला वेलंकन्नी मातेचा फोटो, खाली फणसाची उघडी खोडं एकावर एक. कारागीर जमिनीवर बसलेले, पुढ्यात नुसतीच शिवलेली पुडी. बाजूला वाटीत काळ्या दगडाची पूड आणि मऊ भात. दोन्ही बोटांनी रगडून लोण्यासारखं केलं. त्यातला हरभऱ्याएवढा गोळा घेऊन कातड्यावर अंगठ्याने पसरला, मग तळहातात मावणारा एक गुळगुळीत दगड घेऊन घासायला लागले. गोल, गोल, तेल लावल्यासारखं चमकेपर्यंत. थर वाळला की पुढचा गोळा, थोडा लहान. मधेच पुडीवर बोट टेकवून 'नम्' हा बोल वाजवायचा, मान तिरकी करायची, पुन्हा घासायचं. मी तासभर बसलो होतो. किती थर झाले हे मोजायचं राहून गेलं. निघताना ते म्हणाले, उद्या या, हा ऐकायचा तर वाळू दे.

त्यांना सगळे अण्णा म्हणत होते, मीही म्हणालो. आपल्याकडेही अण्णा असतातच, जीभ अडली नाही.

जाता येत नसेल तर? बहुतेकांना येत नाही. तेव्हा आधी आपल्याच शहरात शोधा. शिकायला लागून दोन वर्षांत सोडलेल्या मुलांचे मृदंगम इथल्या प्रत्येक दक्षिणी वसाहतीत कपाटाखाली पडलेले असतात. शिक्षकांना विचारा, त्यागराज आराधनेला, म्हणजे संगीतकार त्यागराजांच्या स्मरणोत्सवाला, जमणाऱ्या मंडळींना विचारा. खोड चांगलं असेल आणि कट्टै जुळत असेल तर पुडी खराब असली तरी घ्या. पुडी बदलता येते. नवाच हवा असेल तर चेन्नई, तंजावूर, बंगळूर, आणि केरळात पालक्काडजवळचं पेरुवेंब, जिथे पिढ्यान्‌पिढ्या चर्मवाद्यंच बनतात. तंजावूरचं नाव घेताना मला बरं वाटतं. तिथे सतराव्या शतकापासून १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, आणि मृदंगमाच्या इतिहासात आदराने घेतलं जाणारं नारायणस्वामी अप्पा हे नाव तंजावूरच्या मराठी माणसाचं. सरांना हे मी ऐकवलं. ते म्हणाले, माहीत आहे, तरी तुमचा 'दिन्' हा बोल अजून पखवाजाचा येतो.

ऑर्डरची वेळ सांभाळा. मार्गळीचा मोसम, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, चेन्नईत दिवसाला कितीतरी कचेऱ्या होतात. कचेरी म्हणजे मैफल. त्या दिवसांत आणि त्याआधीचा महिनाभर कारागिरांच्या दारात मोठमोठ्या वादकांची वाद्यं रांगेत असतात, तुमचं नवशिक्याचं काम मागे पडणार आणि घाईत होणार. शिवाय तिकडचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, तो ऑक्टोबर ते डिसेंबर. दमट हवेत कातडं आणि शाई नीट वाळत नाही. फेब्रुवारी ते मे हा काळ मला योग्य वाटतो. माझा मी मार्चमध्ये घेतला.

लांबून घेताना खोडाची परीक्षा एकाच क्षणी होते: पुड्या चढवायच्या आधी. तेव्हाच फोटो मागा, दोन्ही तोंडांतून आतले, दिवसाच्या उजेडात, आणि बाहेरून रंग-पॉलिश न केलेले. आत कोरीव सारखं आहे का, भिंत एका बाजूला पातळ तर नाही ना, तडे लांबीच्या दिशेने गेलेत का, गाठीत लुकण भरलंय का, आणि ती टाचणीची भोकं. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं, जुनं होता होता तपकिरी होत जातं. हळदीसारखं पिवळंधमक दिसलं तर लाकूड पुरतं मुरलंय का ते विचारा, कारण आपल्या हीटरच्या हवेत ओलं लाकूड तडकतं. अण्णांनी मला स्वतःहून जुनं खोड दाखवलं, कुणाचं तरी वापरून परत आलेलं, कडेला घासलेलं. मी तेच घेतलं.

पुड्या बसल्या की आवाज. इथे एक चूक हमखास होते: व्हिडिओ कॉलवर ऐकणं. कॉलमधलं गोंगाट दाबणारं तंत्र मृदंगमाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, खाऊन टाकतं, उत्तम वाद्यसुद्धा पत्र्याच्या डब्यासारखं वाटतं. त्याऐवजी साध्या फोनवर रेकॉर्ड करून फाइल पाठवायला सांगा, मागे तंबुरा तुमच्या स्वराचा लावून. आधी उजव्या बाजूला गजऱ्याभोवतीच्या सोळाही घरांजवळ, म्हणजे वादी ओवायच्या जागांजवळ, एकेक 'नम्'. सगळीकडे एकच स्वर आला पाहिजे. एखाद्या घरी उतरत असेल तर ठोकून जुळतो का ते करून दाखवायला सांगा. मग 'दिन्', मग 'चापु'. चापु ऐकताना थांबून राहा: तो तंबुऱ्यात मिसळून जातो की वर तरंगतो? मग तोप्पिला भिजवलेला रवा लावून 'तोम्' आणि घुमका, म्हणजे डाव्या हाताचा घुमारा. शेवटी दोन मिनिटं सलग वादन, कुठल्याही तालात. ही फाइल तुम्ही ऐकू नका, गुरूंना ऐकवा. मला दोन मृदंगम सारखेच वाटले होते. सरांनी गाडी चालवता चालवता दहा सेकंदांत पहिला बाद केला.

पैशांचं. मला नट-बोल्टचा २२ इंची, साडेपाचचा, पिशवीसकट एकवीस हजार रुपयांना पडला. यापेक्षा स्वस्तही मिळतात आणि दुप्पट किमतीचेही. अर्धे आगाऊ, अर्धे आवाज पसंत पडल्यावर, असं ठरवा. माझ्या धाकट्या भावाने पुण्यातून फोनवरून भरले. घासाघीस करू नका. मृदंगम वाजवणाऱ्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेवर येतात. तो बनवणारी माणसं, त्यातली बरीच दलित आणि ख्रिस्ती घरांतली, पिढ्यान्‌पिढ्या गाय, म्हैस, शेळी अशी तिन्ही कातडी कमावत, घासत, शिवत मागच्या खोलीत बसली. हजार रुपये पाडून घेण्याची ही जागा नव्हे. आणि स्वार्थी हिशेबाने बघितलं तरी, पुढची वीस वर्षं मूट्टु याच माणसाकडून येणार आहेत.

आता आणायचा कसा. शक्य असेल तर विमानातून, स्वतःबरोबर. २२ किंवा २४ इंची मृदंगम नेहमीच्या १५८ सेंटिमीटरच्या मापात (लांबी, रुंदी, उंची मिळून) आरामात बसतो, वजन पेटीसकट पंधरा किलोच्या आसपास. कुरियरचा हिशेब फसवा असतो. ते खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त ते लावतात. आकाराचं वजन असं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायची. ७० बाय ४२ बाय ४२च्या खोक्याचे जवळपास २५ किलो होतात, आत बारा किलोचं वाद्य असलं तरी. कुरियरनेच पाठवायचा असेल तर कागदावर 'हस्तकला' वगैरे मोघम लिहू देऊ नका. तालवाद्य लिहा आणि कोड ९२०६.

बांधताना बोल्ट एकसारखे थोडे सैल करायला सांगा, विमानाच्या पोटातल्या थंड कोरड्या हवेत पुडी आणखी ताणली जाते. आत-बाहेर पेंढा, गवत, वर्तमानपत्राची जुनी रद्दी नको. बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि स्वच्छ सुती कापड. आणि कुच्चि काढून घ्या. कुच्चि म्हणजे वलंतलैच्या दोन कातड्यांमधे सरकवलेल्या बारीक काड्या, त्यांनी आवाजाला ती झिणझिण येते. आपल्या खराट्याच्या हिरासारख्याच. ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने तो वनस्पतीचा तुकडा. इथे आल्यावर सर नव्या घालून देतात.

ऑस्ट्रेलियात उतरताना जे कार्ड भरतो त्यावर लाकूड आणि जनावरांचे भाग या दोन्हींपुढे 'हो' लिहा. न सांगता सापडलं तर दंड. सांगितलं तर फार फार तर वाद्य अडकतं, दंड होत नाही. निघण्याआधी सरकारच्या बायकॉन या यादीत चामड्याच्या वाद्यांच्या त्या वेळच्या अटी वाचून घ्या, त्या बदलत असतात. किमतीचं म्हणाल तर मोठ्या माणसाला ९०० डॉलरपर्यंतच्या सामानावर कर नाही. पार्सल १००० डॉलरच्या वर गेलं तर वेगळी आयात-कागदपत्रं लागतात. माझ्या वेळी तुलामरीन विमानतळावर टेबलावर मृदंगम उघडला. बाई अधिकारी होत्या. टॉर्च घेऊन गजऱ्यात कुठे केस राहिलेत का बघितलं, खोडाला नखाने टकटक केली, पालथा करून भुसा पडतो का पाहिलं. मग विचारलं, वाजतो कसा? मी तिथेच उभ्याउभ्या 'त दि तोम नम्' वाजवलं. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी मान डोलावली.

जाता जाता एक: दुकानात मृदंगमाबरोबर कंजिराही दाखवतील, डफासारखा, छोटा, सुंदर, हातात मावणारा. त्याला परंपरेने घोरपडीचं कातडं. तेवढं मात्र घेऊ नका. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. इथे वाद्य तर जाईलच, तुम्हीही अडचणीत याल. शेळीच्या कातड्याचा किंवा कृत्रिम पडद्याचा मिळतो, तो घ्या.

घरी आल्यावर दोन दिवस पेटी उघडून तसाच ठेवा, लगेच कसू नका. मेलबर्नची हवा कोरडी, उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की चाळीसच्या वर पारा, आणि हिवाळ्यात जमिनीतून गरम हवा मारणारी जाळी. कोरड्या हवेत स्वर चढतो, पुडी ताणते. मी मृदंगम त्या जाळीपासून लांब, आतल्या भिंतीला, जाड सुती खोळीत ठेवतो. गाडीच्या डिकीत कधीही नाही, दुकानात पाच मिनिटांसाठी जात असलात तरी.

तोप्पिला रवा लावायचा, कणीक नाही. पहिल्या दिवशी मी हाताच्या सवयीने कणीक मळून बसलो होतो आणि सर दारातच हसायला लागले. बारीक रवा, पाणी, दहा मिनिटं मुरू द्यायचा, मग मधोमध पुरीएवढा गोळा दाबून बसवायचा. स्वर चढा वाटला तर थोडा वाढवा, दबला तर काढा. वाजवून झालं की ओल्या बोटांनी लगेच काढून पुसा. वाळलेला रवा नखाने खरवडलात तर कातड्याचे पापुद्रे निघतात. रवा भारतातून आणू नका, इथल्या प्रत्येक भारतीय दुकानात आहे.

आणि मूट्टु. वाद्याबरोबरच वलंतलैचे दोन जादा करून घ्या. पुढे मागवायचे तर खोडाच्या तोंडाचा व्यास शिवणाच्या टेपने दोन दिशांनी मोजा, कारण हाताने कोरलेलं तोंड अगदी गोल नसतं. टेप लावलेल्या स्थितीतले फोटो पाठवा आणि कट्टै पुन्हा लिहा. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर ते येतात. गेल्या जानेवारीत माझी आई घेऊन आली. एका मूट्टुचा आकार पापडाच्या डब्यात नेमका बसतो हे तिने शोधून काढलं, वर पोह्याचे पापड, खाली वलंतलै. कार्डावर दोन्ही जाहीर केलं होतं, तरी अधिकाऱ्याने झाकण उघडून बराच वेळ आत बघितलं आणि खालचं कसं तळतात ते विचारलं. तेव्हा डबा वेगळा ठेवा आणि झाकणावर 'वाद्याचं कातडं' अशी इंग्रजी चिठ्ठी चिकटवा.